अकोल्याच्या बाजारात जर्मनी हरला, त्याची हकीगत

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी जिंकू शकला असता की नाही, हे ठरवायला मी एप्रिलच्या शेवटी सांगलीहून अकोल्याला गेले. हे वाक्य वाचून कुणालाही वाटेल की तिथे परिसंवाद वगैरे असावा. परिसंवाद नव्हता. एका बाळाचं बारसं होतं.

झालं असं की माझी हॉस्टेलची मैत्रीण सुवर्णा हिचा फोन आला. मुलगा झाला, सव्वा महिना होत आला, आता सासरी अकोल्याला बारसं. आणि सासऱ्यांनी नाव ठरवलंय. तिने ते नाव सांगितलं आणि मी फोन कानापासून लांब धरला. त्या जर्मन हुकूमशहाचं नाव मी माझ्या एकाही पत्रकात छापलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. ज्याने ठरवून, याद्या करून, आगगाड्या भरभरून माणसं मारली, त्याचं नाव एका दुधपित्या पोराला?

"त्यांनी एक अट घातलीय," सुवर्णा म्हणाली. "म्हणतात, तो हरला ते नशिबानं. तो जिंकूच शकला नसता असं कोणी पटवून द्या, नाव बदलतो. तू दे पटवून. तुझी पत्रकं मी दोन वर्षं हॉस्टेलात झेलली आहेत."

आम्ही सांगलीत सात-आठ जण मिळून पत्रकं काढतो आणि चौकात वाटतो. लोक ती घडी घालून खिशात टाकतात. युद्ध आणि हुकूमशाही हा माझा विषय. मी पत्रकांचा एक गठ्ठा बांधला आणि निघाले.

बडनेरा, अमरावती

बडनेऱ्याला उतरले तर फलाटावरचं ऊन बुटाच्या तळव्यातून वर आलं. आमच्याकडेही ऊन असतं, पण ते सावलीला गेलं की सोडतं. हे सावलीतही बरोबर येतं. अमरावतीपर्यंत रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, कुठून, कशासाठी. मी संतापात होतेच, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं तो हळहळेल.

"बराबर हाये बाई," तो आरशातून पाहत म्हणाला, "पण त्यानं रशियात जायाचं कामच नव्हतं ना! पैले इंग्लंड संपवाचं होतं. मी त काल-परवाच बोलून राहिलो होतो पोट्ट्याइले."

म्हणजे इथे या विषयावर मतं होती. रिक्षा थांबेपर्यंत त्याने मला समुद्र कसा ओलांडायला हवा होता ते सांगितलं. क्रिकेटमध्ये कुणाला आधी गोलंदाजी द्यायला हवी होती, अगदी त्या सुरात. मारली गेलेली माणसं त्याच्या बोलण्यात कुठेच आली नाहीत. मी उतरताना एक पत्रक दिलं. त्याने ते सीटखाली ठेवलं.

सुवर्णाचं माहेर गावाबाहेर, फुलांच्या मळ्यात. तिच्या आईने गरम गिलावडा पुढे केला, वर तिखट पाण्यासारखी चटणी. कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात हे मला माहीत नव्हतं, "सांभार घालू का?" म्हटल्यावर मी वाटी पुढे केली आणि त्या माउलीने वाटीत कोथिंबिरीची मूठ टाकली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाळ सुपात निजलं होतं. मुठी आवळलेल्या, नाकावर घाम. मी त्याच्याकडे बघत ते नाव मनात म्हणून पाहिलं आणि अर्ध्यावरच सोडलं.

"नितीन काय म्हणतो?" मी विचारलं. नितीन तिचा नवरा.

"म्हणतो, शाळेत घालताना बदलू."

"आणि तू?"

"मी सून आहे विजया. मी बोलले तर भांडण. तू बोललीस तर चर्चा. त्यांना चर्चा लय आवडते." ती पदराने बाळाच्या नाकावरचा घाम टिपत होती. "उद्या माझ्याच्यानं त्याला त्या नावानं हाक मारवणार नाही गं. तेवढं कर."

अकोला

सुवर्णाचे सासरे, आबाजी, अकोल्याच्या भाजीबाजारात अडत्ये आहेत. शेतकऱ्याचा माल यांच्या दुकानापुढे उतरतो, पहाटे त्याचा हर्रास होतो म्हणजे लिलाव, आणि ऊन चढेपर्यंत सगळं संपतं. मी पोचले तेव्हा जमिनीवर पानकोबीची पानं आणि हमालांचे घाम पुसायचे पंचे तेवढे उरले होते. आबाजी एका पालथ्या क्रेटवर बसले होते. बारीक, पांढरी टोपी, आवाज मात्र हर्रासाचा.

"सुवर्णाची मैतरीण? या, या. युद्धावाली ना? बसा. गफूर, रस पाठव रे!"

गफूरचाचांची शेजारीच उसाची रसवंती. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती, आणि तितकंच जुनं भांडण, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. आबाजी जर्मनीच्या बाजूने असल्यामुळे चाचा आपोआप रशियाचे.

मी आधी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. पत्रक काढलं आणि उभं राहून वाचलं. छळछावण्या. पोरांची वेगळी रांग. गाड्यांचे डबे. हमाल गोळा झाले होते. एक जण "अरे देवा" म्हणाला आणि बिडी विझवली. आबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, झालं काम.

"लय वाईट केलं त्यानं," ते म्हणाले. "पण बाई, एक सांगा. तो जिंकला असता, त हे कागद तुमी छापले असते का?"

इतक्या सभांना गेले, इतक्या लोकांनी उलट प्रश्न विचारले. हा कुणी विचारला नव्हता.

"नाई ना?" आबाजींनी टोपी परत घातली. "मंग जिंकण्या-हरण्याचंच बोला. ते पक्कं असते."

आणि मी तेच बोलले. गाडीत रात्रभर वाचून आले होते. सैन्य कुठे अडलं, तेल कुठे संपलं, बर्फ कधी पडला. आबाजींनी एक रिकामं पोतं जमिनीवर अंथरलं. काळी वांगी म्हणजे जर्मनी. इंग्लंड म्हणजे दुधी भोपळा, मध्ये ओलं फडकं, तो समुद्र. जपानची लिंबं. पार टोकाला टरबूज, ती अमेरिका. राहिला रशिया, तर चाचा आत गेले आणि भुशात ठेवलेल्या लादीतला बर्फाचा मोठा तुकडा आणून त्यांनी तो पोत्यावर ठेवला. त्यावर चार कांदे.

"ये रूस," चाचा म्हणाले. "अब आओ."

"आणि आपण?" मी विचारलं. "हिंदुस्थान कुठं आहे?"

आबाजींनी पोत्यावर थाप मारली. "हे काय! आपल्याच अंगावर खेळून राहिले ना सारे."

हमाल हसले. मी नाही हसले.

आबाजींनी वांगी पुढे सरकवली. पोलंड गेला, फ्रान्स गेला, कांद्यांपर्यंत आली. "इथीसा एकच चूक झाली," ते म्हणाले. "थंडीचे कपडे नाई नेले. आमी रात्री पाणी द्याले वावरात गेलो त घोंगडं नेतो. एवढी अक्कल त्याले नव्हती. घोंगडी नेली असती, खतम होता रशिया."

"घोंगडी नेली असती तरी तेल कुठून आणलं असतं?" मी म्हटलं. "रणगाडे घोंगडीवर चालतात का? तेल होतं खाली दक्षिणेला, आणि तिथवर तो पोचलाच नाही."

"वाह बेटा!" चाचांनी मांडीवर थाप मारली. "आबाजी, तुमचा टेम्पो डिझेलबिगर मंडीपासून घरापर्यंत ढकलत नेता का?"

"पोचला असता तेलापर्यंत!"

"तोवर मागून हे उठलं," मी टरबुजाकडे बोट दाखवलं. "झोपलं होतं, तुमच्याच जपानच्या लिंबानं उठवलं. आणि त्याच्या कारखान्यांना ना थंडी, ना बाँब."

आबाजी हटेनात. आणि मग माझ्या लक्षात आलं की म्हातारा वेळ काढतोय. ऊन पोत्यावर आलं होतं. रशिया विरघळत होता. कांदे घसरून खाली आले, पाणी वांग्यांखालून वाहायला लागलं.

"पाहा!" आबाजी ओरडले. "जरा दम काढला असता त रशियाचं पाणी झालं असतं! पाहा, झालंच!"

अकोल्याच्या उन्हात रशिया वितळतो म्हणून जर्मनी जिंकला. मला हसावं की रडावं कळेना. एका पोराचं नाव यावर ठरणार होतं, आणि भोवतीची माणसं माना डोलावत होती.

चाचा आत गेले. नवा तुकडा आणला, पहिल्यापेक्षा मोठा. "ये लो सायबेरिया." तो वितळेपर्यंत तिसरा. वांगी मात्र उन्हाने सुरकुतली, देठं मऊ पडली. आबाजींनी एक उचलून दाबून पाहिलं. माल पारखायची सवय. त्यांचा चेहरा उतरला.

"किती बर्फ हाये बे तुह्यापाशी?"

"पीछे फॅक्टरी आहे, आबाजी. तुमी थकाल, बर्फ नाही थकणार."

आबाजी क्रेटवर टेकले. "नाई," ते शेवटी म्हणाले. "याचा माल संपत चालला होता आन त्याचा येतच होता. दम काढून काय उपेग? तो नाईच जिंकू शकत."

हमालांनी टाळ्या वाजवल्या. एकाने टरबूज फोडलं. मी सुवर्णाला फोन लावायला पर्समध्ये हात घातला.

"जबान म्हंजे जबान," आबाजी म्हणाले. "ते नाव रद्द." मग टरबुजाची फोड माझ्यापुढे धरत, अगदी मोकळेपणाने: "मंग हा जिंकला तो रशियावाला, त्याचं काय नाव होतं बाप्पा? त्यालेबी मिशा होत्या ना? तेच ठेवू!"

मी फोडीला हात लावला नाही.

मी ओरडलेच. म्हटलं, अहो, त्यानेही माणसं मारली, स्वतःच्याच देशातली, उपाशी ठेवून, बर्फात पाठवून! आबाजी शांतपणे ऐकत होते. "असंल. पण जिंकला ना? तुमीच त सांगितलं एवढा वेळ." खरंच, एवढा वेळ मी तेच सांगत होते.

"तुमचं नाव काय म्हणाले?"

"विजया."

"घ्या! तुमच्या बापालेबी जिंकणंच पायजे होतं."

रसवंतीच्या बाकावर बसून मग त्यांनी मला जे सांगितलं, ते सांगायला हवं. "माह्या बापानं माहं नाव ठेवलं शांताराम. मोठा अडत्या आला की म्हणे, सरक रे शांत्या. दुकान मांडलं की सरक. तराजू लावला की सरक. मी सरकत सरकत पार या कोपऱ्यात आलो. नातवाले असं नाव पायजे, का घेतल्याबरोबर समोरचा सरकला पायजे."

राग यायला हवा होता मला. आला नाही, आणि त्याचाच राग आला.

आबाजी हिशेबाला आत गेल्यावर चाचा ग्लास विसळत म्हणाले, "बेटा, तू गलत दुकान पे आयी. इथं हर्रास आबाजी करतात, ठीक. पण नाम तो फूफी रखती है. पाळण्यात बोलणार आत्या. आबाजींचीच मुलगी, पातूरला आहे. विमल. कोणाचं ऐकत नाही ती."

पातूर

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने पातूरला गेले. विमलआत्याचा मोगऱ्याचा मळा आहे. मी गेले तेव्हा ती कळ्या खुडत होती. मी बोलू लागले, ती खुडत राहिली. मी सगळं सांगितलं, छावण्यांपासून सायबेरियापर्यंत. माझा घसा बसला.

"तुमी लय बोलता बाई," ती म्हणाली. "जेवून घ्या."

जेवायला रोडगे, शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले, वरून फोडून तूप, आणि वांग्याची भाजी. आदल्या दिवशीची वांगी आठवून घास घशाखाली जाईना. पण भाजी इतकी जहाल आणि इतकी चांगली होती की गेला. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या ना" म्हणतात. विमलआत्या म्हणाली, "खाऊन राहिल्या का नुसतं पाहून राहिल्या?"

दुपारी तिने मला लेणी दाखवायला नेलं. खडकात कोरलेली दालनं, आत थंडावा आणि वटवाघळांचा वास. मी विचारलं, कुणी कोरली?

"काय माईत. असंल कोणी राजा. इथं गुरं बसतात उन्हात."

आम्हीही गुरांसारख्याच दगडाला पाठ लावून बसलो. माझ्या पिशवीतलं पत्रक तिने मागितलं. सावकाश, बोट फिरवत, सगळं वाचलं. पोरांच्या रांगेपाशी बोट थांबलं. तिने विचारलं, "तो जर्मनीवाला. त्याचंबी बारसं झालं असंल ना?"

"त्यांच्यात वेगळं काहीतरी असतं."

"असंल. पण मायनं मांडीवर घेऊनच नाव ठेवलं असंल."

या विषयावर मी वर्षानुवर्षं बोलतेय. तो कधी कुणाच्या मांडीवर होता, हा विचार मला शिवला नव्हता.

"तुम्ही काय नाव घेणार उद्या?" मी विचारलं.

"बाबा म्हणतीन ते," ती म्हणाली आणि उठली. चाचा काय बोलले होते आणि ही काय बोलत होती! बारशासाठी तीही माझ्याबरोबर अकोल्याला निघाली; जीपमध्ये मी बाहेर बघत बसले. सुवर्णाला काय सांगणार होते मी? एक हुकूमशहा घालवला, दुसरा आणला?

पुन्हा अकोला

बारशाला अंगणात मांडव होता. पाळण्याला शेवंती आणि आत्याच्या मळ्यातला मोगरा. पहिला धक्का दारातच बसला. सुवर्णाच्या सासूबाई पाहुण्यांना घुगऱ्या वाटत होत्या, आणि हरभऱ्याच्या त्या घुगऱ्या माझ्या पत्रकांच्या पुड्यांत होत्या. मी त्यांच्या घरी ठेवून गेले होते तो पूर्ण गठ्ठा. "कोपऱ्यात पडले होते बाई कोरे कागद," त्या म्हणाल्या, "एकीकडूनच लिवलेले." गफूरचाचा घुगऱ्या संपवून पुडी उलगडून वाचत बसले होते. आमच्या पत्रकाला इतका निवांत वाचक सांगलीत कधी मिळाला नाही.

सुवर्णा बाळ घेऊन पाटावर बसली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. तिने बाळाला जरा घट्ट धरलं.

आबाजी पाळण्याच्या डोक्याशी उभे होते, नवी टोपी घालून. त्यांनी मुलीच्या कानात रशियावाल्याचं नाव सांगितलं. ओठांवरून मला कळलं. विमलआत्याने मान डोलावली. मग बाळाला पाळण्यात ठेवल्यावर ती वाकली, बाळाच्या कानाला तोंड लावून कुर्र केलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आणि ती उभी राहिली.

"काय ठेवलं? काय ठेवलं?"

"शांताराम," विमलआत्या म्हणाली.

सासूबाई हातातल्या घुगऱ्यांच्या पातेल्यासकट खाली बसल्या. मला आधी कळेचना. आमच्याकडेही आजोबांचं नाव नातवाला देतात. पण आजोबा गेल्यावर. माणूस हयात असताना त्याचं नाव पाळण्यात घालायचं म्हणजे त्याला पोचवल्यासारखंच.

"अवं विमले!" आबाजींचा हर्रासाचा आवाज पार चिरकला. "मी जित्ता हाये अजून!"

"हाओ. दिसून राह्यलं."

"मी काय सांगितलं होतं तुले?"

"तुमी जर्मनीचं सांगितलं, मंग रशियाचं सांगितलं. उद्या अजून कोणी जिंकंल. मी काय दर साली बारसं करू?" ती पाळण्याची दोरी हलवत होती. "तुमी सरकले बाबा, मान्य. पण तुमच्यापायी कोणी मेलं नाई. मले या घरात हेच नाव मालूम हाये. कानात गेलं ते गेलं."

आबाजींनी गफूरचाचांकडे पाहिलं. चाचांनी पत्रकाची घडी घातली. "नाम तो हो गया, आबाजी."

एक म्हातारी म्हणाली, अपशकून हाये. दुसरी म्हणाली, परत करा बारसं. आबाजी टोपी काढून हातात फिरवत राहिले, आणि मग पाळण्याजवळ जाऊन खाली वाकून पाहू लागले, बाजारात आलेला माल पाहावा तसे.

सुवर्णाने बाळाला उचललं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. मग तिला आठवलं, आणि तिने जीभ चावली. या घरात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. म्हणजे तिला स्वतःच्या पोराला नावाने हाक मारता येणार नव्हती. मला पुन्हा संताप आला. मी यावर पत्रक काढणार आहे, तेही खरं. पण त्या वेळी ती जरा थांबली, इकडे तिकडे पाहिलं आणि बाळाच्या गालाला गाल लावून म्हणाली, "आबाजी. ए आबाजी, उठा, दूध प्यायचं ना?"

"ओ," पाळण्याशेजारून म्हातारा म्हणाला, आणि सुनेला जायला वाट द्यायला बाजूला सरकला.